गप्प बसायला शिकवणारी बाई

दर रविवारी सकाळी साडेनऊ वाजता माझ्या खोलीत आठ-नऊ माणसं येऊन तासभर गप्प बसतात. त्यातल्या निम्म्यांना आपण कशासाठी बसलोय हे आजतागायत कळलेलं नाही. पिरंगुट सोडून पौडकडे जाताना रस्त्यालगत जे नवे टॉवर उठलेत, तिथून ही माणसं येतात. नवरा-बायको दोघं आयटीत, मूळ गाव लातूर नाही तर जळगाव, आणि वाक्याची सुरुवात मराठीत, मध्य इंग्रजीत, शेवट हिंदीत. माझ्या उपासनेला ते 'सायलेन्स सेशन' म्हणतात. एक जण योगाची चटई काखेत मारून येतो आणि खुर्ची दिली तरी चटईवरच बसतो. एकीच्या मनगटावर घड्याळ आहे. ती किती शांत झाली ते घड्याळ तिला सांगतं, आणि तास संपला की ती ते आम्हा सगळ्यांना सांगते. एका तरुणाने पहिल्याच दिवशी विचारलं होतं, "मॅम, रेकॉर्ड केलं तर चालेल का?" तासभर बहुधा कुणी काही बोलणार नाही, हे त्याला सांगून झालं होतं. मी म्हटलं, "कर बाबा." त्याने केलं.

मी क्वेकर आहे. हा शब्द मुळशी तालुक्यात माझ्याशिवाय आणखी कुणी उच्चारत असेल असं वाटत नाही. ख्रिस्ती धर्मातला हा एक लहानसा पंथ. आमच्यात वेदी नाही, पाळक नाही, गाणी नाहीत, बाप्तिस्म्याचं पाणी नाही. लोक गोल करून गप्प बसतात, आणि ज्याला आतून काही सांगावंसं होईल तो, बाई असो की बुवा, उठून चार वाक्यं बोलतो आणि खाली बसतो. ज्याच्या बोलण्यात तथ्य असतं असं बाकीच्यांना वारंवार जाणवतं, त्याचं नाव उपदेशक म्हणून नोंदवून ठेवतात. माझं नाव तसं नोंदवलेलं आहे. त्याला झगा नाही, पगार नाही, आणि महाराष्ट्रात फारसे श्रोतेही नाहीत. इथले आम्ही सगळे एका जीपमध्ये मावू.

जन्माने मी या पंथातली नाही. माझे वडील नगरकडच्या एका मंडळीत, म्हणजे चर्चमध्ये, पाळक होते आणि घरात रविवार हा आठवड्यातला सगळ्यात लांब दिवस असे. उपदेश पुरुष करीत, पेंग बायकांना येई. मी धर्मशास्त्र शिकले, वर्गात पहिली आले, आणि बक्षीस म्हणून मला पाळकांच्या भावी बायकांना शिवणकाम शिकवायला नेमलं. पुढे त्याच विद्यालयात रडतखडत प्राध्यापक झाले. प्रभुभोजन, म्हणजे उपासनेतली भाकर आणि द्राक्षारस, बायकांच्या हातून दिलं तर चालेल का, या प्रश्नावर वडीलधाऱ्यांची एक समिती होती. ती समिती माझ्या डोळ्यांदेखत अकरा वर्षं चालली. मी त्या समितीची सदस्य होते, म्हणजे चहा सांगायचं काम माझ्याकडे होतं. शास्त्राचा आधार घेऊन बायकांना गप्प बसवणारे हे पुरुष स्वतः मात्र एक मिनिट गप्प बसू शकत नसत. त्यातला एक जण बोलता बोलता स्वतःच्याच शब्दांनी सद्गदित व्हायचा आणि मग सगळ्यांना डोळे मिटून प्रार्थना करावी लागायची.

पुढे शिकायला परदेशी गेले तेव्हा एका थंडीच्या सकाळी कुणीतरी मला क्वेकरांच्या सभेला नेलं. साधी खोली, लाकडी बाकं. पाऊण तास कुणी हूं की चूं केलं नाही. मग विटका स्वेटर घातलेली एक म्हातारी उठली, घरच्या गळक्या नळाबद्दल दोन वाक्यं बोलली आणि बसली. माझ्या आयुष्यातला तो पहिला उपदेश, ज्यात मला झोप आली नाही. मी तिथेच राहिले. घरी पत्र पाठवून कळवलं, तर आमच्या नात्यागोत्यात 'ती मुक्यांच्या पंथात गेली' असं झालं. वडिलांनी उत्तर पाठवलं नाही.

परत आल्यावर मी फारच जोरात होते. जुन्या काळी क्वेकर लोक राजालाही एकेरीत बोलत, कारण देवापुढे सगळे सारखे. हा प्रयोग मी आमच्या एका बिशपवर केला. भर समारंभात विचारलं, "तू चहा घेणार का?" त्या माणसाने चहा तर घेतला नाहीच, पण पुढची चार वर्षं मला बढतीही घेऊ दिली नाही. मला त्याचं दुःख झालं नाही. उलट मी त्यावर एक निबंध लिहिला. मग त्याचंच पुस्तक केलं. बायकांवर लादलेलं मौन वेगळं आणि बायकांनी स्वतः निवडलेलं मौन वेगळं, पहिल्यात मरण आहे आणि दुसऱ्यात शक्ती आहे, असं मी त्यात तीनशे पानं सिद्ध केलं. त्या पुस्तकामुळे लोक मला स्त्रीवादी धर्मशास्त्रज्ञ म्हणू लागले. परिसंवादांची बोलावणी आली. स्टीलच्या पाण्याच्या बाटल्या आणि शाली एवढ्या मिळाल्या की अजून संपत नाहीत.

निवृत्त झाल्यावर पुण्यात घर परवडणं शक्यच नव्हतं, म्हणून या गावात आले. घरमालकाला सगळं गाव दादा म्हणतं. बापजाद्यांनी या जमिनीत भात लावला, याने भाडेकरू लावले. तीन मजली घर, बाहेरून गुलाबी फरशी, गोठा होता तिथे भाडेकरूंच्या मोटारसायकली. पांढरे बूट घालून तो सकाळी कट्ट्यावर बसतो आणि फोनवर मोठमोठ्याने रस्त्यालगतच्या जमिनींविषयी बोलतो. पहिल्याच दिवशी मी त्याला म्हटलं, मला मॅडम म्हणायचं नाही, नावाने हाक मारायची. तो मनापासून हसला. "आसं कुटं आसतं व्हय, मॅडम?" म्हणाला, आणि किल्ली दिली.

जुन्या गोठ्याच्या मागे एक पत्र्याची खोली आहे. तिथे दादाची बहीण राहत असे. तिला सगळे आक्का म्हणत, तिच्यापेक्षा थोरलेसुद्धा. वय पन्नाशीच्या थोडं पुढे. लग्नानंतर तिसऱ्या वर्षी नवऱ्याने दुसरं घर केलं आणि ही माहेरी आली, ती आलीच. उरवड्याच्या एका कारखान्यात पॅकिंगला होती. बाटल्यांची झाकणं खोक्यात भरायची. कंपनीची गाडी पहाटे न्यायला यायची, दुपारी सोडायची, आणि गाडीतून उतरल्यापासून ही बाई जे बोलायला लागायची ते अंधार पडेपर्यंत. पाण्याच्या टाकीशी बोलायची, भाजीवाल्याशी बोलायची, कुणी नसलं तर वाळत घातलेल्या कपड्यांशी बोलायची. पहिले सहा महिने मी तिला टाळायचे. खरं सांगायचं तर मला तिची कीव यायची, आणि कीव ही तिरस्काराची धाकटी बहीण आहे हे मला त्या वयातही उमगलेलं नव्हतं.

एका रविवारी ती वर आली. माझ्याकडे मोटारी लावून माणसं येतात आणि वरून आवाज कसलाच येत नाही, हे तिला सहन होईना. एका खुर्चीत बसली. चार मिनिटं झाली असतील. मग खणखणीत आवाजात म्हणाली, "मॅडम, ह्ये किती येळ चालायचं?" चटईवाल्याने एक डोळा उघडला. घड्याळवालीची शांतता बहुतेक पार घसरली. मला हसू आलं, पण मी तोंड गंभीर ठेवलं, कारण मी उपदेशक होते.

नंतर मी तिला सगळं समजावून सांगितलं. आमच्यात कुणी बोलावंसं वाटलं म्हणून लगेच बोलत नाही. आधी स्वतःला तीन प्रश्न विचारायचे. हे माझ्या डोक्यातलं आहे की आतून आलेलं? हे माझ्यापुरतं आहे की सगळ्यांसाठी? हे आत्ताच बोलायला हवं का? तिन्हींची उत्तरं बरोबर आली तरच उठायचं. तिने तीनही प्रश्न माझ्याकडून दोनदा वदवून घेतले. आठवड्याने मला जिन्यात गाठून म्हणाली, "सुपरवायझरला शिवी द्यायची व्हती. जिभेवर आली व्हती. तिसऱ्या प्रश्नाला आडकले बगा."

आणि ती खरोखर शिकली. आयटीतल्या एकालाही दोन वर्षांत जे जमलं नव्हतं, ते या बाईला चार महिन्यांत जमलं. ती बसायची तर खोलीतली हवा बदलायची. हे मी आता लिहितेय ते कौतुकाने नाही, तसं घडायचं म्हणून लिहितेय. एका रविवारी ती उभी राहिली आणि म्हणाली, "झाकनं भरताना खोकं भरलं का न्हाई त्ये माज्या हाताला कळतं. बगावं लागत न्हाई. तसंच कायतरी हितं झालं आत्ता." आणि खाली बसली. मला भरून आलं. त्या दिवशी दुपारी मी परदेशातल्या माझ्या जुन्या मित्रमैत्रिणींना लांबलचक पत्र लिहिलं. एका कामगार स्त्रीला तिचं मौन कसं सापडलं, तिची अखंड बडबड म्हणजे एकटेपणाचं कवच कसं होतं आणि ते कसं गळून पडलं, असं त्यात बरंच होतं. उत्तरंही फार छान आली. एकीने ते पत्र त्यांच्या सभेत वाचून दाखवलं.

खाली अंगणात मात्र लोक म्हणू लागले होते, आक्का हल्ली गप झाली, बरं न्हाई का काय तिला. तिची वहिनी मला म्हणाली, "तुमच्याकडं यायला लागल्यापासनं घर कसं गार झालंय. लई बरं केलं, मॅडम." मी हा शेरा प्रशस्तीपत्र म्हणून स्वीकारला.

गेल्या वर्षी दिवाळीनंतर दादाने रस्त्यालगतची जमीन विकायला काढली. घेणारा तयार होता, पण सातबाऱ्यावर बापामागे आक्काचंही नाव लागलेलं होतं. तिने हक्कसोड करून दिल्याशिवाय, म्हणजे माझा हिस्सा मी भावाला सोडला असं पौडच्या कचेरीत लिहून दिल्याशिवाय, पुढे काही हलणार नव्हतं. इकडच्या बहिणी ते बहुतेक करून देतात. त्याबदल्यात त्यांना साडी मिळते आणि माहेरचं दार उघडं राहतं, असं म्हणतात. ते दार आधीपासून आपलंही नव्हतं का, असं कुणी विचारत नाही.

आक्काला सगळी जमीन नको होती. तिला विहिरीकडच्या अंगाला दोन गुंठे हवे होते. तिथे एक खोली बांधायची, विटांची, वर स्लॅब, दाराला आतून कडी. माझ्या खोलीत बसून तिने मला ते चार वेळा सांगितलं असेल. "रस्त्याकडंचं सगळं इका. मी आडवी येत न्हाई. पन हिरीकडचं दोन गुंठं माज्या नावानं ऱ्हावू द्या. म्हातारपनी कुनी ऊठ म्हनाया नको." दर वेळी अगदी हेच शब्द, याच क्रमाने, एकदाही न अडखळता. कोर्टात उभी केली असती तर न्यायाधीशानेही मान डोलावली असती.

शनिवारी सकाळी घरात बैठक ठरली. तालुक्यात अशा बैठकीला मान आहे. नात्यातल्या थोरल्या माणसासमोर जे ठरतं ते ठरतं. थोरलं माणूस म्हणजे त्यांचे मामा. आक्का मला म्हणाली, "मॅडम, तुमी नुसतं बाजूला बसा. बोलनार मीच."

आणि मी काय केलं? मी तिला सल्ला दिला. क्वेकर कधी पाठ केलेलं बोलत नाहीत. तयार करून आणलेला उपदेश म्हणजे माझ्या वडिलांचा उपदेश, माझ्या समितीचा उपदेश. चाळीस वर्षांचा राग होता माझा त्या असल्या बोलण्यावर. मी तिला म्हटलं, "आक्का, हे घोकलेलं तिथे म्हणू नकोस. नुसती बस. वाट पाहा. आतून येईल तेव्हाच बोल, मग बघ त्यात किती बळ असतं ते." ती थोडी गोंधळली. मग मान हलवली. माझा शब्द ती फार मानायची.

बैठकीत सोफ्यावर मामा, दादा आणि जमिनीचा व्यवहार जमवणारा एक जण बसले होते. त्या तिसऱ्याचं निम्मं लक्ष फोनमध्ये होतं. मला खुर्ची दिली होती. मी समतेच्या तत्त्वाला जागून आक्काशेजारी सतरंजीवर बसले आणि माझी गुडघेदुखी उफाळून आली. पुरुषांनी आधी भाताचा विषय काढला, मग कुणाच्या तरी मुलाच्या लग्नाचा, मग हळूच जमिनीचा. दादा बराच वेळ बोलला. बहिणीला आपण कधी काही कमी पडू दिलं नाही, पुढेही देणार नाही, असं तो सांगत होता आणि ते सांगताना स्वतःच हळवा होत होता. त्या समितीतल्या सद्गदित गृहस्थाची मला आठवण झाली. मग मामांनी आक्काकडे वळून विचारलं, "तुजं काय म्हननं हाय, पोरी?"

आक्काने डोळे मिटले. मला तो चेहरा ओळखीचा होता. श्वास हळू झाला, हात मांडीवर उलटे पडले. ती थांबली होती. आज सांगायला लाज वाटते, पण मला तिची काळजी वाटत नव्हती. मला वाटत होतं, आता बघा. आता या सोफ्यावरच्या लोकांना कळेल बाईचं मौन म्हणजे काय. ज्याच्यावर मी तीनशे पानं लिहिली ते आता माझ्या शेजारी सतरंजीवर घडणार आहे. मामांनी चहाचा कप उचलला, संपवला, खाली ठेवला. तेवढा वेळ त्यांनी वाट पाहिली. इतर पुरुषांच्या मानाने ती बरीच होती.

"बरं मंग," मामा म्हणाले. "चला, जेवून घ्या."

सगळे उठले. व्यवहारवाला मला नमस्कार करून गेला. मी आक्काचा हात दाबला आणि वर आले. माझा समज असा झाला की दादाचा डाव फसला. आमच्या पंथात मतदान नसतं. सगळ्यांचं मन एक झालं तरच ठराव होतो. एक जरी माणूस होय म्हणाला नाही तर विषय पुढच्या सभेवर जातो. कधी कधी वर्षानुवर्षं जातो. आक्का होय म्हणाली नव्हती, म्हणजे विषय पुढे गेला. इतकं मला सरळ दिसत होतं. त्या दुपारी मी छान झोपले.

रविवारी ती वर आली नाही. मी मनात म्हटलं, बाई दमली असेल. मंगळवारी दुपारी कंपनीच्या गाडीतून उतरताना ती दिसली आणि मी वरूनच विचारलं, "आता पुढची बैठक कधी?" ती पायरीशी थांबली. "कसली बैठक? काल पौडला जाऊन सही करून आले की."

मी खाली उतरले. मला वाटतं मी ओरडलेच. सही केलीस? तू तर कबूल झालीच नव्हतीस! ती माझ्याकडे असं बघत राहिली, जसं आपण लहान मुलाकडे बघतो. "मामांनी तोंडावर इचारलं, मी गप बसले. थोरल्यांच्या म्होरं गप बसलं म्हंजे कबूल, मॅडम. हितलं शेंबडं पोर बी सांगंल. मंग कुटल्या तोंडानं न्हाई म्हनू?"

"पण तू बोलली का नाहीस? आलं नाही का आतून?"

"आलं व्हतं की. लगीच आलं व्हतं. पन तुमचे प्रश्न इचारले. पैला बराबर आला. दुसऱ्याला आडकले." ती पिशवी या हातातून त्या हातात घेत म्हणाली. "ह्ये माज्यापुरतं हाय का सगळ्यांसाठी? माज्यापुरतंच व्हतं, मॅडम. दोन गुंठं मी माज्यासाठीच मागत व्हते. खोटं कसं बोलायचं? मंग गपच बसले."

ती खोलीत गेली. मी अंगणात उभी राहिले, मोटारसायकलींच्या मध्ये. तो दुसरा प्रश्न मी किती वर्षं, किती बायकांना शिकवला असेल. आयुष्यात एकदाही स्वतःसाठी काही न मागितलेल्या बायकांना मी विचारायला शिकवत होते की हे तुझ्यापुरतं तर नाही ना. माझे वडीलही त्यांना हेच सांगत. फक्त ते मोठ्याने सांगत आणि मी हळू आवाजात. लादलेलं मौन आणि निवडलेलं मौन बाहेरून अगदी एकसारखी दिसतात, हे माझ्या त्या तीनशे पानांत कुठेही नव्हतं. परिसंवादातही कुणी विचारलं नव्हतं. असल्या पुस्तकावर शाल घालणाऱ्यांची आणि ती घालून घेणारीची मला त्या क्षणी मनस्वी चीड आली.

ही चीड कुणावर तरी काढायला हवी होती, म्हणून मी दादाकडे गेले. तो कट्ट्यावर होता. मी त्याला लबाड म्हटलं, बहिणीला लुबाडलंस म्हटलं, इतक्या वर्षांत प्रथमच त्याला एकेरीत बोलले. तो चिडला असता तर बरं झालं असतं. तो उठून उभा राहिला, मला बसायला जागा केली आणि फार अदबीने म्हणाला, "मॅडम, आसं का म्हनताय? तुमी तर तितंच व्हता. मला बी वाटलं व्हतं आक्का भांडंल. तुमाला बाजूला बगून तर मी भ्यालोच व्हतो. मामांनी तिला इचारलं न् मंग तुमच्याकडं बी बगितलं. तुमी काय बोलला न्हाई. मामा जेवताना म्हनले, एवडी शिकलेली बाई बसली व्हती, तिला बी पटलं, म्हंजे आपलं काय चुकत न्हाई."

मामांनी माझ्याकडे पाहिलं होतं. मला आठवतच नव्हतं. त्या वेळी मी आक्काचा श्वास ऐकत होते.

वकील गाठू, दावा लावू, असं मी आक्काला दोन-तीनदा सांगून पाहिलं. तिने ऐकून घेतलं आणि विषय बदलला. महिन्याभरात गोठ्याची आणि मागच्या पत्र्याच्या खोलीची जागा मोकळी करून तिथे भाड्याच्या आणखी खोल्या काढायच्या ठरल्या. तिला कुणी जा म्हटलं नाही. बांधकाम होईपर्यंत माडीवर वहिनीच्या स्वयंपाकघरात पथारी टाक, एवढंच म्हटलं. तिने उरवड्याला कारखान्याजवळ दुसऱ्या एका बाईबरोबर भाड्याने खोली घेतली.

ती गेली तो रविवार होता. आम्ही वर बसलो होतो, चटईवाला, घड्याळवाली, सगळे. खाली टेम्पो लागल्याचा आवाज आला, आणि मग आक्काचा आवाज. कपाट उभं ठेवायचं की आडवं यावरून ती टेम्पोवाल्याशी भांडत होती. त्याच्या बापापर्यंत गेली होती. कितीतरी महिन्यांनी तो आवाज असा भरघोस ऐकू येत होता. वर खोलीत एकीने भुवया उंचावल्या आणि उठून खिडकी लावून घेतली. मी उठले आणि सभा चालू असताना खोलीबाहेर पडले. माझ्या आयुष्यात मी असं कधी केलेलं नव्हतं.

खाली गेले तर ती गादीची वळकटी टेम्पोत ढकलत होती. मी दुसरी बाजू धरायला गेले. तिने ती माझ्या हातातून काढून घेतली, रागाने नाही, जड आहे म्हणून काढून घेतात तशी. मी म्हटलं, "आक्का, माझं चुकलं." तिने पदराने तोंड पुसलं. मला वाटलं आता ती मला शिव्या घालेल. मी अगदी तयार होते, मला त्या हव्याच होत्या.

"आवो, वर जावा, मॅडम," ती म्हणाली. "तुमची मान्सं गप बसल्यात."

मी वर गेले. अजून वीस मिनिटं बाकी होती. ती मी बसून पूर्ण केली.